थव्याने राहणाऱ्या माशांचा घरगुती बंदोबस्त

शोभेच्या माशांच्या बाजारात, मग तो मुंबईतील कुर्ल्याचा असो वा महात्मा फुले मंडईच्या आवारातील असो, माशाचा भाव बहुधा जोडीवर सांगण्याची वहिवाट आहे. आणि हा हिशेब विक्रेत्याच्या सोयीचा, गिऱ्हाइकाच्या खिशाला झेपणारा आणि आपल्या गृहस्थाश्रमी कल्पनांना मानवणारा असल्यामुळे त्याविषयी सहसा कोणी तक्रार करीत नाही. नवी काचपेटी घेतलेला हौशी गृहस्थ दोन निऑन टेट्रा, दोन टायगर बार्ब, दोन झेब्रा, दोन एंजल आणि तळ स्वच्छ ठेवील या भाबड्या समजुतीने एखादा कोरीडोरस, अशी अठरापगड मंडळी पिशव्यांत भरून घरी नेतो, आणि पंधरवडा उलटण्याच्या आत यांतील निम्मे मासे कोपऱ्यात दडून का बसतात व उरलेले एकमेकांचे पर का कुरतडतात, या कोड्यात पडतो. मग पाण्याची परीक्षा होते, औषधे ओतली जातात, विक्रेत्यावर ठपका येतो. पाणी पुष्कळदा निर्दोष असते. चूक मोजदादीत झालेली असते. गप्पी, मोली यांसारख्या पिले देणाऱ्या माशांपुरता जोडीचा हिशेब कसाबसा चालून जातो. परंतु टेट्रा, बार्ब, डॅनिओ, रासबोरा, कोरीडोरस हे मासे स्वभावतः समुदायाने राहणारे असून त्यांच्या बाबतीत स्वजातीयांची पुरेशी संख्या ही पाण्याच्या तपमानाइतकीच आरोग्याची अट आहे. एका पेटीत जाती थोड्या आणि प्रत्येक जातीचे मासे अधिक, एवढे एक सूत्र ज्याने सांभाळले त्याच्या निम्म्या अडचणी उद्भवण्यापूर्वीच बरखास्त होतात, असे माझे मत आहे.

थवा हा शब्द आपण सैलपणे वापरतो. प्रत्यक्षात माशांच्या एकत्र असण्याचे दोन प्रकार अभ्यासकांनी वेगळे केले आहेत. पहिल्यात मासे केवळ परस्परांच्या संगतीत असतात, कोणी चरत आहे, कोणी वळून पाहत आहे, कोणी दोन वीत लांब जाऊन पुन्हा परतत आहे, तोंडे भिन्न दिशांना असली तरी मंडळी एका मोहल्ल्यात नांदत आहे. दुसऱ्या प्रकारात सर्वांची तोंडे एका दिशेला, वेग सारखा, अंतर सारखे, आणि एकाने वळण घेताच अवघा समुदाय वळलेला, असा प्रकार असतो. कोकणच्या किनाऱ्यावर तारली किंवा बांगडा उतरला असता पाण्याच्या रंगावरून तो हेरणारे आणि त्याभोवती रापण टाकणारे कोळी पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्यावर जगत आले तो हा प्रकार. ज्यांनी बालपणी मरीन ड्राइव्हवरच्या, 1951 मध्ये उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचेला नाक लावले आहे, किंवा अलीकडे सागरी जीवनावरचे चित्रपट पाहिले आहेत, त्यांच्या मनात थवा म्हणजे ही कवायत असे समीकरण बसलेले असते, आणि घरच्या दोन फुटी पेटीत ती दिसत नाही म्हणून ते हिरमुसतात. हिरमुसण्याचे कारण नाही. निर्धास्त मासे पहिल्या प्रकारानेच राहतात. कवायत ही प्रवासाची किंवा संकटाची अवस्था आहे.

संकट हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण बोटाच्या पेराएवढ्या प्राण्याने आपले सारे जीवन समुदायाच्या स्वाधीन का करावे याचे उत्तर प्रामुख्याने त्याच्या शत्रूंमध्ये सापडते. पुष्कळ डोळे असले की शत्रू लवकर दिसतो, हे उघड आहे. त्याहून सूक्ष्म गोष्ट अशी की, शेकडो सारख्या आकृती एकाच वेळी हलू लागल्या म्हणजे भक्षकाची दृष्टी कोणा एकीवर ठरत नाही. नील आणि कलन या दोघा संशोधकांनी 1974 मध्ये माखूळ, पाइक, पर्च अशा निरनिराळ्या भक्षकांवर प्रयोग करून दाखविले की थवा मोठा होत जातो तसतसे भक्षकाचे हल्ले अधिकाधिक वाया जातात. परंतु हा लाभ सारखेपणाचा आहे. पुढे 1986 मध्ये दुसऱ्या एका प्रयोगात रुपेरी मिनो माशांच्या थव्यात काही मासे निळे रंगवून सोडले, तेव्हा त्यांचे वेगळेपण भक्षक बासच्या नजरेत भरले आणि थव्यामुळे मिळणारे संरक्षण उणावले. इंग्रज जीवशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. हॅमिल्टन याने तर 1971 मध्येच मांडले होते की कळपातील प्रत्येक प्राणी आपल्या आणि शत्रूच्या दरम्यान दुसऱ्या कोणाला तरी ठेवण्याच्या खटपटीत असतो, आणि या खटपटींच्या बेरजेतूनच कळप घट्ट होतो. आपण काचेबाहेरून ज्याला बंधुभाव म्हणून कौतुक करतो त्याच्या मुळाशी असा निखळ स्वार्थ असावा, हे काही वाचकांना रुचणार नाही. मला मात्र त्यामुळे त्या दृश्याची गोडी कमी झालेली नाही.

या साऱ्याचा घरगुती अर्थ असा की, पेटीत एकही शत्रू नसला तरी ज्याच्या पूर्वजांना लक्षावधी वर्षे शत्रूच्या छायेत काढावी लागली त्या माशाला एकटेपण म्हणजे धोका, एवढेच कळते. तीन निऑन एका पेटीत ठेवले की ते वनस्पतीमागे दडतात, रंग फिका पडतो, अन्न पडले तरी बाहेर येण्यास कचरतात. त्याच पेटीत आणखी आठ-नऊ आणून सोडले म्हणजे काही दिवसांतच तेच तीन मासे मधल्या मोकळ्या पाण्यात निर्भयपणे वावरू लागतात. हा प्रयोग कोणालाही घरी करून पाहता येण्यासारखा आहे, आणि ज्यांना माशांच्या मनोव्यापारांविषयी शंका आहे त्यांनी तो अवश्य करावा.

थवा बांधून धरणारी इंद्रिये कोणती, याविषयी थोडे सांगणे उपयुक्त होईल, कारण पेटी कोठे ठेवावी आणि कशी हाताळावी हे त्यावर अवलंबून आहे. मुख्य इंद्रिय दृष्टी. निऑनच्या अंगावरील निळसर झळाळणारी रेघ ही अंधुक पाण्यात स्वजातीयाला दिसावी अशी खूण मानली जाते. म्हणूनच रात्री दिवा मालवल्यावर थवा विस्कटतो, प्रत्येक मासा जेथल्या तेथे थबकतो आणि रेघेची झळाळीही मावळते; सकाळी दिवा लावताच फिकट दिसणारे मासे पाहून घाबरून औषधाची बाटली शोधणाऱ्यांनी अर्धा तास वाट पाहावी. दुसरे इंद्रिय म्हणजे कुशीवरून जाणारी पार्श्वरेखा, जिच्या योगाने पाण्यातील सूक्ष्म हेलकावे माशाला अंगभर जाणवतात. सेथ नावाच्या सागरी माशांचे डोळे तात्पुरते झाकून 1976 मध्ये केलेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात असे आढळले की डोळे झाकलेला मासादेखील थव्यात आपली जागा राखून पोहू शकतो. ज्याची कातडी शेजाऱ्याच्या शेपटीची फडफड टिपते त्याला काचेवर बोटाने मारलेली टिचकी कशी वाटत असेल, हे पाहुण्यांच्या मुलांना प्रेमाने पण स्पष्टपणे समजावून सांगणे हे यजमानाचे कर्तव्य होय. दार आपटणारी भिंत, दूरदर्शन संचाचा ध्वनिक्षेपक, येण्याजाण्याची अरुंद वाट यांच्या शेजारी पेटी ठेवू नये.

पुढारी कोण, हा प्रश्न मला पुष्कळदा विचारला जातो. बहुतेक थव्यांत कायमचा पुढारी कोणी नसतो. क्रेग रेनल्ड्झ नावाच्या संगणकतज्ज्ञाने 1987 मध्ये पडद्यावर काल्पनिक पक्षी उडवून दाखविताना प्रत्येकाला तीनच नियम दिले होते: शेजाऱ्याला धडकू नको, शेजाऱ्याच्या दिशेने आणि वेगाने चाल, आणि शेजाऱ्यांच्या मध्यापासून फार दूर जाऊ नको. वरून कोणाचाही हुकूम नसताना एवढ्यावरून संपूर्ण थवा उभा राहिला. खऱ्या माशांचे नियम याहून गुंतागुंतीचे असतात, परंतु पेटीतील एखादा मासा सदैव पुढे दिसला तर त्याला सेनापती न समजता तो अधिक भुकेला किंवा अधिक धीट आहे एवढेच समजावे.

तिसरे इंद्रिय घ्राण, आणि त्याच्याशी निगडित असलेली गोष्ट प्रत्येक मत्स्यपालकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. मधमाश्यांच्या नृत्याचा उलगडा करून पुढे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना मिनो माशांवर काम करताना असे दिसून आले की, जखमी झालेला एक मासा थव्यात परत सोडताच अवघा थवा भयभीत होऊन पांगला आणि पुष्कळ वेळ त्या जागी फिरकला नाही. 1938 मध्ये त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. माशाच्या कातडीला इजा झाली की तीतून पाण्यात एक द्रव्य उतरते आणि त्याचा वास म्हणजे जणू धोक्याचे फर्मान ठरते. टेट्रा, बार्ब, डॅनिओ, कोरीडोरस ही आपल्या पेटीतील बहुतेक मंडळी ज्या मोठ्या गणात मोडतात त्या गणाचे हे वैशिष्ट्य आहे. म्हणून जाळीने मासे पकडताना पाठलाग करून ते खरडले गेले तर उरलेले मासे तळाशी गोठल्यासारखे राहतात, याचे नवल वाटू नये. खरखरीत लहान जाळीऐवजी मऊ व रुंद जाळी वापरावी. त्याहून बरे म्हणजे जाळीने हाकून पारदर्शक भांड्यात मासा घ्यावा. झटापट झालीच तर चौथाई पाणी बदलावे, दिवा मंद करावा, आणि त्या दिवशी पेटीत पुन्हा हात घालू नये.

आता संख्येच्या प्रश्नाकडे वळू. सहा हा आकडा सर्वत्र सांगितला जातो. तो चुकीचा नाही, पण ती किमान मर्यादा आहे हे विसरले जाते. सहांपैकी दोन मासे प्रवासात किंवा पहिल्या महिन्यात दगावणे अशक्य नसते, आणि मग उरलेल्या चारांचा थवा म्हणावा असा थवा राहत नाही. दहा ते बारा ही संख्या लहान जातींसाठी समाधानकारक ठरते. संख्या वाढल्याने भीती कमी होते एवढेच नाही. भांडणांचे वाटपही बदलते. थव्यात सर्व गुण्यागोविंदाने राहतात ही समजूत चुकीची आहे. टायगर बार्ब, ब्लॅक विडो, सर्पे टेट्रा यांच्यात मानापमानाची उतरंड असते, बळिष्ठ मासा दुबळ्याला हुसकतो, त्याच्या शेपटीला चावा घेतो. तीन मासे असतील तर सारे चावे एकाच्या वाट्याला येतात आणि तो काही आठवड्यांत झिजून मरतो. दहा असतील तर पाठलागाचे लक्ष्य क्षणोक्षणी बदलत राहते, कोणा एकावर संक्रांत येत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो खेळ वाटतो. टायगर बार्ब भांडखोर म्हणून बदनाम झाला त्याला पुष्कळ अंशी ही जोडीची खरेदी जबाबदार आहे. आठ-दहांच्या टोळीत तो बहुतांशी आपल्याच मंडळीत गुंतलेला राहतो. बहुतांशी म्हणतो, कारण एंजल, गुरामी, बेट्टा असे लांब परांचे संथ मासे शेजारी असले तर त्यांच्या झालरी शाबूत राहतील अशी हमी कोणी देऊ नये.

संख्या वाढवायची तर जागा हवी. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी आपल्याकडे सर्रास मिळणारी पेटी काठोकाठ भरली तर सुमारे 57 लिटर पाणी मावते; वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा जाता 45 ते 50 लिटर उरते. एवढ्यात दहा निऑन आणि तळाशी पिग्मीसारख्या लहान जातीचे सहा कोरीडोरस हा संसार नीट चालतो. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच पेटीत सुमारे 127 लिटर मावतात. तेथे पंधरा रमीनोज टेट्रा आणि आठ मोठे कोरीडोरस, किंवा दहा टायगर बार्ब, असा बेत करता येईल. लांबीला उंचीपेक्षा नेहमी अधिक महत्त्व द्यावे, कारण हे मासे आडवे पोहणारे आहेत. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात शोभणाऱ्या उंच, षट्कोनी पेट्या त्यांच्या कामाच्या नाहीत, आणि काचेच्या गोल भांड्याविषयी तर बोलणेच नको. पेटीच्या पाठीमागे गडद रंगाचा कागद लावावा, बाजूंना आणि मागे दाट वनस्पती लावून पुढचा मध्य मोकळा सोडावा. दडण्याची जागा दिली तर मासे दिसणार नाहीत अशी भीती नवख्यांना वाटते. अनुभव उलट आहे, कारण आश्रय जवळ आहे याची खातरजमा झालेला मासाच उघड्यावर येतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन हायपोच्या खड्यांनी किंवा बाजारात मिळणाऱ्या थेंबांनी घालवावा, फिल्टर मुरलेला असावा, आणि आठवड्याला चौथाई पाणी बदलावे. हे नियम सर्वच माशांना लागू असल्याने त्यांचा विस्तार येथे करीत नाही.

कोणती जात निवडावी? निऑन टेट्राला 1936 मध्ये शास्त्रीय नाव मिळाले आणि तेव्हापासून त्याची लोकप्रियता ओसरलेली नाही. तो अॅमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातला, 22 ते 26 अंश सेल्सियसमध्ये सुखी असणारा. वैशाखात ज्या घरांतले पाणी 30 अंशांना टेकते त्या मुंबई-ठाण्याकडच्या मंडळींनी त्याचा चुलत भाऊ कार्डिनल टेट्रा याचा विचार करावा. याची तांबडी पट्टी नाकापासून शेपटीपर्यंत अखंड असते, निऑनची पोटाच्या मध्यापासून सुरू होते. ब्राझीलमधील रिओ नेग्रोच्या चहासारख्या काळसर पाण्यातून आलेला असल्यामुळे त्याला उष्मा अधिक सोसतो. त्या पाण्याचा रंग पालापाचोळ्यातून उतरतो, आणि तसाच रंग आपल्याकडे परसातल्या देशी बदामाची गळून वाळलेली दोन-तीन पाने धुऊन पेटीत टाकल्याने येतो. मंद रंगाच्या पाण्यात लाजरे मासे लवकर धीट होतात. औषधफवारणी झालेल्या बागेतील किंवा रस्त्याकडेची पाने मात्र घेऊ नयेत.

ज्यांना कवायतच पाहायची आहे त्यांनी रमीनोज घ्यावा. तांबड्या नाकाचा आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या शेपटीचा हा टेट्रा घरगुती पेटीतही घट्ट थव्याने हिंडतो, आणि समूहगतीचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांतही त्याला मान आहे. शिवाय त्याचे नाक पाण्याच्या प्रकृतीचा दाखला देते: पाणी बिघडले किंवा मासे घाबरले की नाकाची लाली उतरते. नव्या पेटीत तो ठेवू नये. तीन-चार महिने मुरलेल्या पेटीतच त्याला जागा द्यावी.

नवख्यांसाठी माझी शिफारस झेब्रा डॅनिओची आहे. हा आपल्याच देशाचा रहिवासी. गंगेच्या माशांवरील ग्रंथात फ्रान्सिस हॅमिल्टन याने 1822 मध्ये त्याचे वर्णन केले, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्यावर काम चालते. तो काटक आहे, चपळ आहे, हिवाळ्यातही हीटरवाचून बहुधा निभावतो. मात्र उडी मारतो, म्हणून झाकण पक्के हवे. डेनिसन बार्ब, ज्याला व्यापारात मिस केरळ म्हणतात, तो सह्याद्रीच्या दक्षिण भागातील केरळ-कर्नाटकातल्या वाहत्या, थंड, स्वच्छ नद्यांचा मासा. 1865 मध्ये त्याला मद्रासचे गव्हर्नर डेनिसन यांचे नाव मिळाले आणि 2013 मध्ये सह्याद्रिया या नव्या प्रजातीत त्याची गणना झाली. बेसुमार पकडीमुळे तो धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. तो वीतभर वाढतो, सहा-आठांच्या टोळीने राहतो आणि चार-पाच फुटी पेटी मागतो. एवढी तजवीज नसेल तर त्याचा मोह आवरावा. असेल तर पैदास केंद्रात वाढविलेलेच मासे मागावेत.

कोरीडोरसविषयी एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. त्याला तळाचा झाडूवाला समजून एकटा ठेवण्याचा प्रघात अन्यायाचा आहे. तोही समुदायाचाच प्राणी. सहा-आठ असले म्हणजे मिशा वाळूत खुपसत जोडीजोडीने, चौकडीने फिरतात, आणि एकदम तीन-चार मासे पृष्ठभागाकडे झेप घेऊन हवेचा घोट घेऊन परततात. आतड्यातून हवा शोषण्याची शक्ती त्यांना आहे, त्यामुळे अधूनमधून दिसणाऱ्या या झेपेने घाबरू नये. तळाला बारीक वाळू असावी. धारदार खडीने त्यांच्या मिशा झिजतात.

आणि एक इशारा. दुकानात शार्क या भारदस्त नावाने बोटभर लांबीचे करडे-रुपेरी मासे स्वस्तात विकले जातात. तो मेकाँग नदीतील पंगासियस असून पूर्ण वाढल्यावर एक मीटरच्या पुढे जातो. तो थव्याचा मासा आहे, पण घरात त्याचा थवा मावणार कोठे? एकटा ठेवला की सावली हलताच काचेवर धडका घेत राहतो. बाला शार्कही फुटाच्या वर जाणारा आणि समुदायाने राहणारा. दोन्ही घेऊ नयेत, हा माझा निकाल ठाम आहे.

निरनिराळ्या जातींचे दोन-दोन मासे एकत्र केल्याने थवा बनत नाही का, असे कोणी विचारील. निऑन आणि कार्डिनल कधी कधी एकत्र पोहताना दिसतात, पण तो निरुपायाचा शेजार असतो. झेब्रा डॅनिओवर केलेल्या आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसले की, पट्टे असलेल्यांत वाढलेला मासा पट्टेवाल्यांकडे ओढला जातो आणि पट्टे नसलेल्यांत वाढलेला पट्टे नसलेल्यांकडे. आपले कोण हे तो बालपणी शिकतो. म्हणून पांढऱ्या किंवा हिरव्या वाणाचे टायगर बार्ब मूळ वाणाबरोबर ठेवायचे असल्यास लहानपणापासून एकत्र ठेवावेत. कृत्रिम रंग चढवून विकले जाणारे विडो टेट्रा मात्र घेऊच नयेत. तो रंग टिकत नाही, आणि तो चढविताना माशाला यातना होतात.

थव्याच्या वागणुकीचे वाचन हाच मत्स्यपालकाचा खरा रोजनामा. मासे पेटीभर सैल विखुरलेले, पर ताठ, रंग भरलेले, अन्नाकडे झेपावणारे, अशी स्थिती असेल तर कैफियत नाही. दिवसेंदिवस ते एका कोपऱ्यात घट्ट जमून राहत असतील तर कशाची तरी भीती आहे: शेजारी मोठा मासा आहे, प्रकाश भडक आहे, पाण्याचा प्रवाह जोराचा आहे, किंवा संख्याच अपुरी आहे. थवा घट्ट दिसावा म्हणून पेटीत मुद्दाम एंजल सोडण्याची युक्ती काही लोक सांगतात. युक्ती फळते, कारण मोठा एंजल निऑनला भक्ष्य समजतो आणि रात्री गिळतोही, परंतु आपल्या नेत्रसुखासाठी दुसऱ्याला जन्मभर धास्तीत ठेवण्याचा हा मामला मला पसंत नाही. सर्वच मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे मारू लागले तर ते समाजप्रेम नसून प्राणवायूची टंचाई आहे. ताबडतोब हवेचा पंप लावावा व पाणी बदलावे. एखादाच मासा थव्यापासून सुटा, पर मिटून, परत न येणारा दिसला तर तो बहुधा आजारी असतो, आणि त्याला वेगळ्या भांड्यात हलविण्यात दिरंगाई करू नये. अन्न दोन ठिकाणी विखरून टाकावे, म्हणजे बळकट माशांना एका जागी मक्तेदारी करता येत नाही.

दिव्याच्या बाबतीत एक लहानशी सवय लावून घ्यावी. काळोखातून एकदम प्रखर दिवा लागला की थवा चारी दिशांना उधळतो आणि काचेवर आपटतो. आधी खोलीतला दिवा, काही मिनिटांनी पेटीचा, आणि रात्री याच्या उलट क्रम ठेवावा.

नवे मासे आणताना शक्यतो एकाच विक्रेत्याकडून, एकाच हौदातून, सारख्या आकाराचे घ्यावेत. विक्रेत्याला जोडीच्या भावात दहा-बारा देण्यास सांगितले तर तो बहुधा काही सूट देतो. त्या हौदात एखादा जरी मासा पांढऱ्या ठिपक्यांचा किंवा मिटल्या परांचा असेल तर सौदा तहकूब ठेवावा. घरी आणल्यावर दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत मुक्काम करवावा. थव्याच्या माशांत रोग एकाकडून सर्वांकडे जाण्यास वेळ लागत नाही. पेटी नवी असेल तर बाराही मासे एका दिवसात न सोडता सहा आधी आणि सहा तीन आठवड्यांनी सोडावेत, म्हणजे फिल्टरमधील जीवाणूंवर एकदम भार पडत नाही. टायगर बार्बसारख्या मानी जातीत मात्र जुन्या टोळीत एकटा नवखा कधीही सोडू नये. चार-पाच एकत्र सोडावेत, आणि त्याआधी पेटीतील दगड व रोपांची मांडणी थोडी बदलावी, म्हणजे जुन्यांच्या ठरलेल्या हद्दी मोडतात आणि सर्वांनाच नव्याने बस्तान बसवावे लागते.

थवा वर्षांगणिक कमी होत जातो, हे ओघानेच आले. बारांचे सात झाले की भर घालण्याचा विचार करावा. चारांवर येईपर्यंत थांबू नये. पुन्हा ती जात ठेवायचीच नसेल तर उरलेले मासे ज्याच्याकडे त्याच जातीचा निरोगी थवा आहे अशा स्नेह्याला द्यावेत, किंवा ओळखीच्या विक्रेत्याकडे परत करावेत. बरेच विक्रेते ते विनामूल्य घेतात. गणपती विसर्जनाच्या तळ्यात, विहिरीत वा नदीत ते सोडून देणे ही दया नव्हे. पेटीतून सुटलेला सकर मासा उजनीसारख्या जलाशयात वाढून कोळ्यांची जाळी फाडू लागला आहे, आणि परदेशी जातीचा रोग किंवा वंश आपल्या ओढ्यांत शिरला तर तेथील स्थानिक माशांना त्याचा उपद्रव होतो. अगदी एकच वृद्ध मासा उरला आणि घेणारा कोणी भेटला नाही, तर त्याला आहे त्याच पेटीत राहू द्यावे, वनस्पती थोड्या दाट कराव्यात, दांडगे शेजारी काढून टाकावेत, आणि आकाराने व सवयींनी त्याच्या जवळचा एखादा शांत टेट्रांचा थवा त्याच्या सोबतीला द्यावा. नवी मंडळी आणण्यापूर्वी तिला वेगळे ठेवण्याचा नियम येथेही पाळावा.